मसल कारचा हेडर: आधी जागा, मग पोर्ट, नळीचा व्यास त्यानंतर

मसल कार म्हणजे मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या अमेरिकी गाड्या, आणि हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ्यांचा संच; तो मूळच्या ओतीव मॅनिफोल्डच्या जागी बसतो. हेडरची निवड फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. खरेदीची सुरुवात नळीच्या व्यासापासून होते. पावणेदोन इंची घ्यावा की एक इंच सात सुती, यावर आठवडाभर डोकं खाजवलं जातं. खोका येतो, जुनं मॅनिफोल्ड उतरतं, आणि तेव्हा कळतं की एक नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासते, स्टार्टर आत जात नाही आणि पाचव्या सिलेंडरच्या प्लगवर टोपी चढत नाही. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा मागेपुढे केला, तर आधी केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

मापं इंचातच ठेवली आहेत, कारण या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग अजूनही इंचातच विकले जातात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १ ५/८ म्हणजे एक इंच पाच सूत, १ ७/८ म्हणजे एक इंच सात सूत.

टप्पा १: गाडीत आज काय बसलंय ते लिहून काढा

कॅटलॉग वर्ष आणि मॉडेल विचारतो. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत त्या वर्षाचं इंजिन असेलच असं नाही, हेड, म्हणजे सिलेंडरवरचे झाकणासारखे भाग, तर बऱ्याचदा बदललेले असतात. कागद घ्या आणि गाडीखाली, बोनेटखाली स्वतः बघून हे भरा:

* इंजिनचं कुटुंब आणि घनइंच. फोर्ड ३०२ आणि ३५१ विंडसर दिसायला भावंडं, पण ३५१ चा ब्लॉक सुमारे सव्वा इंच उंच आहे. ब्लॉक उंच झाला की दोन्ही हेड बाहेरच्या बाजूलाही सरकतात. ३०२ साठी बनवलेला हेडर त्याच मस्टँगमध्ये ३५१ ला बसेल हे गृहीत धरू नका.
* हेडचा कास्टिंग नंबर. जुन्या स्मॉल-ब्लॉक शेव्हीवर (शेव्हरोलेचं लहान व्ही-८) तो व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर दिसतो. एलएसवर (जनरल मोटर्सचं नंतरचं व्ही-८) हेडच्या कोपऱ्यात ओतलेला असतो; २४३, ७९९, ८६२ असे शेवटचे तीन आकडे पुरतात.
* प्लग सरळ की तिरके.
* गिअरबॉक्स ऑटोमॅटिक की मॅन्युअल. मॅन्युअल असेल तर क्लच हायड्रॉलिक, केबलचा की जुन्या पद्धतीच्या झेड-बारचा, म्हणजे दांड्यांच्या जोडणीचा.
* स्टिअरिंग साधं की पॉवर, आणि पॉवरचा सिलेंडर बाहेरून लोंबतो का. साठच्या दशकातल्या मस्टँगवर तो तसाच असतो.
* स्टार्टर मूळ की लहान आकाराचा.
* अल्टरनेटर, एसी, पॉवर स्टिअरिंगचे ब्रॅकेट कुठे अडकवलेत. बऱ्याच स्मॉल-ब्लॉक शेव्हींवर यातले काही ब्रॅकेट थेट मॅनिफोल्डच्या बोल्टांना धरलेले असतात. मॅनिफोल्ड गेलं की त्यांचा आधारही गेला.
* इंजिन माउंट कोणते, आणि इंजिन मूळ जागी आहे की मागे-पुढे सरकवलंय. जुन्या गाडीत एलएस टाकलेलं असेल तर अडॅप्टर पट्टीने इंजिन किती इंच मागे नेलंय, हा आकडा लागतोच. अशा गाडीसाठी हेडर त्या पट्टीला धरूनच विकले जातात.

> तपासा: बोनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पक्का पाय, गाडीसमोर कुणीही उभं नाही. गिअर टाकून ॲक्सिलरेटरला हलकासा झटका द्या आणि दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला सांगा. इंजिनची ड्रायव्हरकडची (या अमेरिकी गाड्यांत डावी) बाजू उचलली जाते, हे स्वाभाविक आहे. पण इंचभर उडी मारून ती धप्पकन खाली बसत असेल, तर माउंटचं रबर फाटलंय. आधी माउंट बदला, मगच मापं घ्या. खचलेल्या इंजिनाभोवती घेतलेलं माप नवीन माउंट बसताच खोटं ठरतं.

टप्पा २: कायद्याची चाळणी

यात वेळ कमी जातो, पण हा टप्पा आधीच उरकावा, कारण अर्धे पर्याय इथेच गळतात. अमेरिकेत ज्या गाडीला कारखान्यातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) आलाय, तिचा तो काढणं संघराज्याच्या कायद्यानुसार बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेल वर्षाच्या पेट्रोल गाड्यांना नियमित स्मॉग (धूर-प्रदूषण) तपासणीतून सूट आहे. १९७६ पासून पुढच्या गाडीवर हेडर बसवायचा तर त्याला हवा मंडळाचा, म्हणजे कार्बचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक हवा.

इथे दोन चुका नेहमीच्या. तपासणीतून सूट मिळाली म्हणजे प्रदूषणरोधक भाग काढायची परवानगी मिळाली, असं होत नाही. आणि ऑर्डर क्रमांक हेडरच्या कंपनीला मिळत नाही, ठरावीक भागाला मिळतो, तोही ठरावीक वर्षांच्या आणि इंजिनांच्या गाड्यांपुरता. यादीत तुमचं वर्ष आणि इंजिन आहे का, ते पाहा. नव्या मस्टँग, कमॅरो, चॅलेंजरला लाँग-ट्यूब (लांब नळ्यांचा हेडर) बसवला की कन्व्हर्टर मागे सरकवावा लागतो, त्यामुळे असे हेडर बहुधा या यादीत नसतात. ज्या गाडीला स्मॉग तपासणी पार करायची आहे तिने शॉर्टीकडेच, म्हणजे आखूड हेडरकडेच, बघावं.

टप्पा ३: हेडरचा प्रकार ठरवा

लाँग-ट्यूबमध्ये चार लांब नळ्या एका कलेक्टरमध्ये मिळतात. नळ्या साधारण ३० ते ३६ इंच. ताकदीच्या दृष्टीने सगळ्यात फायद्याचा, जागेच्या दृष्टीने सगळ्यात त्रासाचा. शॉर्टी इंजिनाला चिकटून संपतो. मॅनिफोल्डपेक्षा हलका, बसवायला सोपा, पण ताकदीत फरक थोडाच. मिड-लेंग्थ या दोघांच्या मधला. इंजिन बदललेल्या गाडीत, जिथे लाँग-ट्यूब खालच्या चौकटीत अडकतो, तिथे तो खरा उपयोगी पडतो.

ट्राय-वाय थोडा समजून घेण्यासारखा आहे. या व्ही-८ इंजिनांचा क्रँक क्रॉस-प्लेन असतो, त्यामुळे एका बाजूच्या चार सिलेंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. स्मॉल-ब्लॉक शेव्हीची फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) घ्या: १-८-४-३-६-५-७-२. ड्रायव्हरच्या बाजूला १, ३, ५, ७ हे सिलेंडर. त्यांच्यातली अंतरं मोजली तर १ ते ३ मध्ये २७० अंश, ३ ते ५ मध्ये १८०, ५ ते ७ मध्ये फक्त ९०, आणि ७ नंतर पुन्हा १ येईपर्यंत १८०. म्हणजे पाचव्याचा वायू कलेक्टरात शिरतोय न शिरतोय तोच सातव्याचा मागून येऊन धडकतो. ट्राय-वायमध्ये चार नळ्या आधी दोन-दोन करून जोडतात आणि मग एक करतात. जोड्या नीट लावल्या असतील तर ५ आणि ७ वेगवेगळ्या जोडीत जातात. याचा फायदा इंजिनच्या खालच्या आणि मधल्या फेऱ्यांना (आरपीएमला) दिसतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, फारसा उग्र नसलेला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि बहुतेक वेळ रस्त्यावर धावणारी गाडी असेल, तर ट्राय-वाय उगाच दुर्लक्षिला जातो असं आमचं मत आहे.

> सावधान: फायरिंग ऑर्डर बदलली की जोड्याही बदलतात. ३०२ ची ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८ आणि ३५१ विंडसरची १-३-७-२-६-५-४-८. कॅम बदलताना ऑर्डर बदलली असेल, तर ट्राय-वाय घेण्याआधी कोणत्या नळ्या एकत्र जोडल्यात ते चित्रात पाहा.

टप्पा ४: जागा मोजा

हा सगळ्यात मोठा टप्पा. इथे दोन तास गेले तरी चालतील.

गाडी चार स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. इंजिन गार असू द्या. जुनं मॅनिफोल्ड जागेवर असतानाच हेडच्या तोंडापासून बाहेर आणि खाली काय-काय येतं, ते टॉर्च लावून बघा आणि प्रत्येक अडथळ्याचं अंतर लिहा.

स्टिअरिंगचा दांडा आणि बॉक्स पहिला. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून बघा, कारण ड्रॅग लिंक आणि पिटमन आर्म हे स्टिअरिंगचे दांडे हलतात. सरळ चाकांवर मोकळी दिसणारी जागा वळणावर भरलेली असते. हलणाऱ्या भागापासून नळी निदान चार सूत, म्हणजे अर्धा इंच, दूर हवी. इंजिन ड्रायव्हरच्या बाजूने वर उचललं जातं आणि दुसऱ्या बाजूने खाली दबतं, म्हणून प्रवाशाकडच्या बाजूला नळीच्या खालीही तेवढीच जागा लागते.

मग स्टार्टर. मूळ स्टार्टर लठ्ठ असतो आणि नळ्या त्याला विळखा घालून जातात. लहान आकाराचा स्टार्टर घ्यायचा ठरलं तर शेव्हीवर फ्लायव्हीलचे दात मोजा. १५३ दातांना स्टार्टरचे दोन बोल्ट एका रेषेत, १६८ दातांना तिरके. ही बाब विसरल्यामुळे नवा स्टार्टर दुकानात परत जातो.

मॅन्युअल गाडीत झेड-बार ड्रायव्हरच्या बाजूला इंजिन आणि चौकट यांच्यामध्ये आडवा असतो. काही हेडर स्पष्टच 'फक्त ऑटोमॅटिकसाठी' असतात, आणि हे वाक्य बारीक अक्षरात असतं. स्टिअरिंग कॉलमवर गिअरचा दांडा असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये उलट तपासणी करा, त्याची जोडणीही त्याच वाटेने जाते.

क्रायसलरच्या जुन्या गाड्यांत टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे दांडे) इंजिनाशेजारून मागे जातात. काही हेडरची एखादी नळी बारच्या बाहेरून वळते, काहींना बार सोडवूनच आत घालावं लागतं. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये शॉक टॉवर (सस्पेन्शनचे उंच खांब) दोन्ही बाजूंनी दाटीवाटी करतात. तिथे हेडर वरून जाणार, खालून जाणार की इंजिन उचलावं लागणार, हे सूचनापत्रक आधी मागवून वाचा. सूचनापत्रक द्यायला विक्रेता कां-कूं करत असेल तर दुसरा विक्रेता बघा.

तेलाचा फिल्टर काढायला हाताला वाट हवी. डिपस्टिकची नळी कुठून जाईल, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या किती जवळ येतील, गिअरबॉक्सखालचा आडवा तुळईसारखा क्रॉसमेंबर कलेक्टरच्या वाटेत येतो का, हेही लिहा.

शेवटी जमिनीपासूनची उंची. गाडी चाकांवर उतरवा, टायरमध्ये नेहमीची हवा, टाकी भरलेली, चालकाच्या जागी माणूस बसलेला. चौकटीचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. कलेक्टर त्याच्याही खाली लोंबला तर पहिल्याच गतिरोधकाला तोच टेकणार. गाडी खाली बसवलेली असेल तर कॅटलॉगमधलं 'भरपूर उंची' हे वाक्य विसरा, ते मूळ उंचीच्या गाडीसाठी लिहिलेलं असतं.

> तपासा: प्रत्येक अडथळ्यासमोर अंतर लिहिलंय का? 'बसेल बहुतेक' असं जिथे लिहिलंय तिथे पुन्हा मोजा.

टप्पा ५: पोर्ट आणि फ्लँज जुळवा

पोर्ट म्हणजे हेडमधून धूर बाहेर पडण्याचं तोंड, आणि फ्लँज म्हणजे हेडरची हेडला बोल्टांनी बसणारी जाड पट्टी. बोल्टांची जागा जुळली म्हणजे पोर्ट जुळला, असं नसतं. हेडचा पोर्ट चौकोनी, गोल की डी आकाराचा आहे ते पाहा. ॲल्युमिनियमच्या आफ्टरमार्केट हेडांत एक्झॉस्टचा पोर्ट मूळपेक्षा वर उचललेला असू शकतो. तेवढ्याने संपूर्ण हेडर वर जातो, आणि टप्पा ४ मधली अंतरं तेवढीच बदलतात.

पोर्टचा ठसा घेण्याची साधी रीत अशी: एक मॅनिफोल्ड उतरवा, हेडचं तोंड जुन्या गॅसकेटच्या कपच्या खरवडून स्वच्छ करा. त्यावर बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. जाड कागद दाबून धरा, तळव्याने सगळीकडे चोळा आणि सरळ उचला. पोर्टची कड आणि बोल्टांची भोकं कागदावर काळसर उमटतात. कागद कापून घ्या. हा ठसा निवडलेल्या हेडरच्या गॅसकेटवर ठेवला की सगळं दिसतं: हेडरचं तोंड पोर्टपेक्षा चहूबाजूंनी किंचित मोठं हवं. एका बाजूनेही ते लहान असेल, तर तिथे वायूला पायरी आडवी येते. उलट बाजूची पायरी, म्हणजे लहान पोर्टातून मोठ्या नळीत जाणं, तितकं नुकसान करत नाही.

ठसा घेतानाच प्लग बघा. तिरक्या प्लगच्या स्मॉल-ब्लॉक शेव्ही हेडवर सरळ प्लगसाठीचा हेडर घातला, तर नळी प्लगच्या तोंडावर येते. प्लगची टोपी आणि नळी यांत बोटभर जागा नसेल तर टोपी जळेल. प्लग सॉकेट आणि पाना घालून प्लग खरोखर निघतो का, याची कल्पना करून बघा. प्लग बदलायला हेडर सोडवावा लागणाऱ्या गाड्या आहेत, आणि त्यांचे मालक प्लग बदलायचं टाळतात.

फ्लँज तीन सुती, म्हणजे ३/८ इंच जाड असेल तर चांगलं. अडीच सुती चालेल. त्याहून पातळ फ्लँज उष्णतेने वाकतो आणि गॅसकेट दर उन्हाळ्याला फुंकलं जातं.

टप्पा ६: आता नळीचा व्यास

मोठी नळी म्हणजे जास्त ताकद, हा समज सगळ्यात चिवट आहे. नळी मोठी झाली की वायूचा वेग कमी होतो. वेग कमी झाला की बाहेर जाणाऱ्या वायूने मागच्याला ओढून नेण्याचं काम खालच्या फेऱ्यांना होत नाही. सिग्नलवरून सुटताना गाडी सुस्त वाटते ती यामुळेच.

कच्चा अंदाज काढायला एक जुना हिशोब वापरात आहे. नळीच्या आतल्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस इंचात घ्या, त्याला ८८,२०० ने गुणा आणि एका सिलेंडरच्या घनइंचांनी भागा. नळी कोणत्या आरपीएमच्या आसपास टॉर्कला मदत करते, तो आकडा मिळतो. व्यास बाहेरून दिलेला असतो. १८ गेजच्या नळीची भिंत ०.०४९ इंच, म्हणून आतला व्यास काढताना ०.०९८ वजा करा.

३५० घनइंचाचं उदाहरण. एका सिलेंडरला ४३.७५ घनइंच. १ ५/८ ची नळी आतून १.५२७ इंच, क्षेत्रफळ १.८३ चौरस इंच, उत्तर सुमारे ३,७००. पावणेदोन इंचीला सुमारे ४,३००. १ ७/८ ला सुमारे ५,०००.

३०२ ला दीड इंच नळी सुमारे ३,६०० वर आणि १ ५/८ सुमारे ४,३०० वर येते. ४५४ ला पावणेदोन इंच ३,३००, १ ७/८ सुमारे ३,९००, आणि दोन इंच ४,४००.

हा आकडा तुमचं इंजिन प्रत्यक्ष कुठे राहतं त्याच्याशी ताडून बघा. ३५० चं इंजिन, साधा कॅम, ऑटोमॅटिक, मागच्या धुरीचं गिअर-प्रमाण ३.०८ असेल, तर महामार्गावरही ते ३,००० च्या खालीच फिरतं. त्याला १ ५/८ पुरे. १ ७/८ नळी त्याच इंजिनावर चढवली तर फायदा ५,००० ला, जिथे ते क्वचितच जातं. कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा, कॉम्प्रेशन जास्त, प्रमाण ३.७३ किंवा ४.१० असेल तर पावणेदोन इंच रास्त. दोन मापांत अडकलात आणि गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर लहान घ्या. सुपरचार्जर किंवा नायट्रस असेल तर एक माप वर जायला हरकत नाही, कारण बाहेर टाकायचा वायूच जास्त असतो.

> सावधान: नळी १६ गेजची असेल तर भिंत ०.०६५ इंच. बाहेरून तेच १ ५/८, पण आतून कमी. ३५० वर उत्तर सुमारे ३,५०० येतं. तुलना करताना दोन्ही हेडरचं गेज एकच आहे ना, ते पाहा.

टप्पा ७: कलेक्टर

स्मॉल-ब्लॉकला सहसा तीन इंच, बिग-ब्लॉकला साडेतीन. पुढे अडीच इंची पाइप असेल तर उतार हळूहळू निमुळता होणारा घ्या. कलेक्टरच्या तोंडाशी एकदम अडीचवर आणणारा आखूड शंकू नको. तीन बोल्टांचा सपाट फ्लँज स्वस्त असतो, पण त्यातलं गॅसकेट जळतं आणि दर थोड्या दिवसांनी फुसफुस सुरू होते. गोळा आणि वाटीसारखा बसणारा फ्लँज किंवा व्ही-बँड (पट्ट्याने आवळायचा जोड) मिळत असेल तर तोच घ्या.

फ्युएल इंजेक्शन असेल तर ऑक्सिजन सेन्सरच्या बोळ्याकडे (सेन्सर फिरवून बसवायच्या तोंडाकडे) लक्ष द्या. आटे एम-१८ × १.५. बोळा चारही नळ्या मिळाल्यानंतर हवा आणि आडव्या रेषेच्या निदान १० अंश वर हवा, नाहीतर सेन्सरमध्ये पाणी साचून तो मरतो.

टप्पा ८: धातू, गेज, लेप

साधं पोलाद १८ गेज: स्वस्त, हलकं, लवकर गंजणारं. १६ गेज जास्त टिकतं. ३०४ स्टेनलेस गंजत नाही, पण तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट फुगतं, म्हणून त्यात गेज जाड आणि जोड चांगले हवेत. ४०९ स्टेनलेस मधला मार्ग आहे, त्यावर तांबूस छटा येते, ती दोष नव्हे.

रंग लावलेला हेडर पहिल्या तासातच धूर काढतो आणि काही महिन्यांत गंज दाखवतो. सिरॅमिक लेपाला पैसे जास्त पडतात, पण बोनेटखालची उष्णता खरोखर कमी होते. साध्या पोलादावर कापडी पट्टी गुंडाळणं मात्र टाळा. ती ओल धरून ठेवते, नळी आतल्या आत कुजते, आणि बरेच उत्पादक पट्टी दिसली की हमी नाकारतात.

> सावधान: नव्याने बांधलेलं फ्लॅट-टॅपेट (कॅमवर सपाट टॅपेट घासणारं) इंजिन पहिल्यांदा २०-३० मिनिटं २,००० आरपीएमच्या वर चालवावं लागतं. ठिणगीचं टायमिंग तेव्हा अचूक नसतं, नळ्या लालभडक होतात आणि नवा लेप जळतो. ते काम जुन्या मॅनिफोल्डवर उरका, लेपाचा हेडर नंतर चढवा.

टप्पा ९: हेडरसोबत काय मागवायचं

हेडरबरोबर आलेलं कागदी गॅसकेट बाजूला ठेवा, चांगलं गॅसकेट वेगळं घ्या. एलएसला अनेक थरांचं पोलादी गॅसकेट उत्तम. बोल्ट जुन्या स्मॉल-ब्लॉक शेव्हीला ३/८-१६ चे १२, बिग-ब्लॉक शेव्हीला आणि फोर्ड ३०२-३५१ विंडसरला त्याच मापाचे १६, एलएसला एम-८ × १.२५ चे १२. डोकं लहान असलेले बोल्ट घ्या. मोठ्या डोक्यावर पाना बसला तरी नळी आड येऊन फिरत नाही.

कार्ब्युरेटरच्या चोकला मॅनिफोल्डवरून गरम हवा मिळत असेल, तर ती बंद होणार. इलेक्ट्रिक चोक आधीच मागवा. ही गोष्ट ऐन वेळी लक्षात येते आणि गाडी सकाळी सुरू होईनाशी होते. यादीत आणखी: ब्रॅकेटचे पर्यायी आधार, प्लगच्या वायरींवर उष्णतारोधक नळ्या, स्टार्टरचं कवच, आणि नव्या गाडीत सेन्सरची वायर वाढवणारा जोड.

टप्पा १०: खोका उघडल्यावर, बसवण्याआधी

एकदा तापवलेला हेडर कुणी परत घेत नाही. म्हणून टेबलावरच तपासणी करा. फ्लँजवर सरळपट्टी ठेवा आणि फिलर गेज घालून बघा. ०.०१० इंचापर्यंतचा बाक बोल्ट आवळल्यावर बसतो, ०.०३० चं पान सहज शिरत असेल तर परत पाठवा. प्रत्येक पोर्टमध्ये बोट फिरवून वेल्डिंगचे थेंब शोधा. गाठी असतील तर घासून काढा. घासलेला कण आत राहू देऊ नका.

मग गॅसकेटशिवाय दोन बोल्टांवर हेडर टांगून बघा. स्टिअरिंग पूर्ण फिरवा. स्टार्टर जागेवर धरून बघा. सगळे प्लग लावा-काढा. कुठे घासत असेल तर नळीला हातोड्याने खळगा पाडण्याआधी माउंट आणि बोल्टांची भोकं तपासा. बहुतेक वेळा दोष तिथे असतो.

टप्पा ११: आवळणं आणि पहिली फेरी

बॅटरीची ऋण वायर सोडवा. जुन्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. क्रायसलरच्या ३१८, ३४०, ३६० वर टोकाचे काही स्टड थेट पाण्याच्या वाटेत उघडतात: आधी कूलंट काढा आणि त्या आट्यांना सीलंट लावा, नाहीतर कूलंटची गळती सुरू होते.

सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे आत घ्या. एकही बोल्ट पूर्ण आवळू नका, जोवर शेवटचा हाताने गेलेला नाही. मग मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, तीन फेऱ्यांत. ओतीव लोखंडी हेडवर ३/८ च्या बोल्टांना २० ते २५ फूट-पौंड. एलएसवर पहिली फेरी ११, शेवटची १८. ॲल्युमिनियम हेडच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकू न देणारा लेप) लावलं तर त्याच आकड्याला ताण जास्त बसतो, म्हणून खालचा आकडा धरा.

इंजिन सुरू करून दहा मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा आवळा. हे तीन वेळा. गरम असताना आवळू नका. टिक-टिक असा आवाज गार इंजिनात येऊन गरम झाल्यावर थांबत असेल, तर फ्लँजपाशी गळती आहे. ती दुर्लक्षू नका. सेन्सर असलेल्या गाडीत त्या फटीतून हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि संगणक उगाच जास्त पेट्रोल ओततो.

कार्ब्युरेटर असेल तर मिश्रण पातळ झालेलं असण्याची शक्यता मोठी. जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक-दोन क्रमांक वाढवून प्लगचा रंग पाहा, किंवा वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून पूर्ण ॲक्सिलरेटरवर हवा-पेट्रोलचं प्रमाण १२.५ ते १३ च्या मध्ये आणा. नळ्या ऐरणीवरच्या लोखंडासारख्या तांबारत असतील तर टायमिंग मागे आहे किंवा मिश्रण पातळ आहे. हेडर बदलायच्या गोष्टी बोलण्याआधी टायमिंग लाइट काढा.